घाबरलेल्या माणसाचा कागद

दुपारी एकला सुनंदाताई डबा टेबलावर काढून ठेवायच्या, पण उघडायच्या नाहीत. आधी वैशाखरे गावातल्या धाकट्या भावाला फोन लावायच्या. "अनंता, कागद पाठवलाय बघ. वाच." पलीकडून अनंता वाचायचा, अडखळत, मध्येच कुणाला तरी हाक मारत. ताई डोळे मिटून ऐकायच्या. तो अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करायच्या. वाचून संपलं की तो म्हणायचा, "झाला गो ताय. जेव आता." मग डबा उघडायचा. मी तोवर माझा संपवून त्यांच्या लोणच्यावर डोळा ठेवून बसलेला असायचो.

आमचं ऑफिस शहापुरात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. गावोगावच्या नळपाणी योजनांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. पंपघरातल्या संगणकावर टाकीची पातळी दिसते, पंप चालू-बंद करता येतो, आणि पाण्यात सोडायच्या क्लोरीनची गळती झाली तर पडदा लाल होऊन भोंगा वाजतो. प्रोग्रॅम मी लिहायचो. ते वापरायचे कसे, हे ताई लिहायच्या. असली माहितीपत्रकं कुणी वाचत नाही असं माझं ठाम मत होतं आणि ते मी त्यांना वरचेवर ऐकवायचो.

"कोण वाचतो ते बघ रे आधी," त्या म्हणायच्या. "घाबरलेला माणूस वाचतो. बाकीच्यांना कागद नाय लागत."

त्यांच्या लेखी या घाबरलेल्या माणसाला चेहरा होता. अनंताचा. तो वैशाखऱ्याच्या पंपघरावर ऑपरेटर. आई-वडील लवकर गेले, त्याला ताईंनीच वाढवलं. एकदा क्लोरीनचा सिलिंडर बदलताना थोडा गॅस त्याच्या छातीत गेला होता आणि तो कितीतरी दिवस खोकत होता. तेव्हापासून ऑफिसात कुणी नुसतं खाकरलं तरी ताईंचा हात फोनकडे जायचा.

आमच्याकडे तोवर सगळं वर्डमध्ये चालायचं. एकेका पत्रकाच्या फाइली 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'हेच घ्या' अशा नावांनी साठलेल्या असायच्या आणि कुठल्या पंपघराच्या भिंतीवर कुठलं 'अंतिम' चिकटलंय ते कुणालाच ठाऊक नसायचं. आमचा मालक निखिल, वयाने आम्हा दोघांहून लहान, एके दिवशी वैतागला आणि म्हणाला की आता एकच पद्धत ठरवू. त्याला वेबसाइट हवी होती, रंगीत चौकटींची, व्हिडिओंची. माझा हट्ट मार्कडाऊनचा. म्हणजे साधा मजकूर टाइप करायचा, शीर्षक, ठळक अक्षर, यादी यांच्यासाठी दोन-चार खुणा घालायच्या, आणि छापायच्या वेळी संगणक त्यातून नीटनेटकं पान करून देणार. कुणी कधी काय बदललं तेही सापडतं.

ताईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "निखिल, नेट गेल्यावर तुझी वेबसाइट बघायची कुठे?"

"आता नेट जातं कुठे, ताई?"

"ये एकदा वैशाखऱ्याला. आमचा अनंता रेंजसाठी टाकीच्या शिडीवर चढतो. वास सुटल्यावर शिडी चढू का म्हणेल?" मग माझ्याकडे वळून, "आन तुझं ते, उद्या तू सोडून गेलास तर उघडेल का?"

मी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. त्यांनी ती पडद्यावरून मोठ्याने वाचली, खुणांसकट. "फोनवर वाचता येतंय," त्या म्हणाल्या, "म्हणजे चालेल." असा आमच्या कंपनीचा तांत्रिक निर्णय झाला. एकाच गोष्टीवर त्यांचा विश्वास बसेना. यादीतले आकडे यंत्र स्वतः घालतं, ही त्यांना आगाऊपणाची गोष्ट वाटायची.

नव्या पद्धतीने पहिलं पत्रक केलं ते क्लोरीनच्या गळतीचं. बाहेर या, वारा जिकडून येतो त्या अंगाला उभे राहा, बाहेरच्या बटणाने पंप बंद करा, मास्क चढवा, आत जा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर येऊन मास्क काढा. अशा सात पायऱ्या, आणि खाली एक ओळ: तरी वास येत राहिला तर पायरी २ पासून परत करा. छापायला द्यायच्या अगदी आधी ताईंना राहवलं नाही. चौथ्या पायरीखाली त्यांनी ठळक अक्षरात घातलं, 'मास्क घट्ट बसला नसेल तर आत पाऊल टाकू नका.' मी वाचलं, निखिलने वाचलं, कागद लॅमिनेट होऊन पंपघरांकडे गेले. त्या दिवशी अनंताचा फोन लागला नाही आणि ताईंचा डबा न उघडताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशीही फोन लागेना. ताई दर थोड्या वेळाने नंबर दाबत होत्या आणि तीच बाई तेच वाक्य ऐकवत होती. शेवटी त्या उठल्या. "स्कूटर काढ."

"ताई, रेंज नसेल. आणि कागद आम्ही दोघांनी नीट वाचलाय."

"तुमी घाबरलेले नव्हता," त्या म्हणाल्या.

किन्हवलीवरून सरळगावला आणि तिथून माळशेजच्या रस्त्याला लागलो. ताईंची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती आणि त्या कानाशी पायऱ्या पुटपुटत होत्या. टोकावड्याच्या अलीकडे समोरून एक रुग्णवाहिका आली. ती मागे दिसेनाशी होईपर्यंत त्या मान वळवून बघत राहिल्या. आता मलाही भीती वाटायला लागली होती. भीती कशाची ते मात्र सांगता आलं नसतं.

अनंता पंपघराच्या दारात बसून भाकरी खात होता. "अगो ताय! फोन टाकीत पडला ना माझा. तू आज इकडं कशी?"

ताईंनी त्याला धड बघूनही घेतलं नाही. भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "वाच. आन वाचशील तसा कर. खरोखरचा कर." मला म्हणाल्या, "भोंगा लाव."

मी चाचणीचा भोंगा लावला. त्या आवाजाने अनंताचं हसू पुसलं गेलं. कागद उतरवून हातात घेऊन तो बाहेर पळाला, वाऱ्याचा अंदाज घेऊन उभा राहिला, पंप बंद केला, मास्क चढवला, आत जाऊन आला, मास्क काढला. "वास येतोच आहे," ताई ओरडल्या. "आता?" त्याने शेवटची ओळ वाचली, नजर जरा वर नेली, आणि मास्क हातात लोंबकळत असतानाच तो सरळ क्लोरीनच्या खोलीकडे चालू लागला.

"अनंता!"

ताईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो उंबऱ्यावर थांबला. आत गॅस नव्हता, काहीच नव्हतं. तरी ताईंनी धावत जाऊन त्याला मागे ओढलं. मी कागद हातात घेतला. ठळक सूचनेनंतर आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले होते. 'आत जा' ही एक, 'व्हॉल्व्ह बंद करा' ही दोन. वाऱ्याच्या अंगाला उभं राहायची खरी पायरी दोन कागदाच्या वरच्या टोकाला राहिली होती, आणि ही दोन त्याच्या नजरेसमोर. सूचनेच्या ओळीआधी दोन-चार मोकळ्या जागा सोडायच्या राहिल्या, म्हणून यंत्राने तिथे यादी संपली असं समजून नवी सुरू केली होती. वाक्यं सगळी बरोबर होती, म्हणून आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

"माझ्याच काळजीनं कागद मोडला रे," ताई म्हणाल्या.

"अगो, मी काय मेलोय का?" असं म्हणत अनंताने लॅमिनेशनसकट कागद फाडायला घेतला. तो फाटेना, तेव्हा विळ्याने कापला. मग टेकाडावर जाऊन ताईंनी माझ्या फोनवरून एकेक पंपघर गाठलं. "तो कागद काढा भिंतीवरचा. आधी काढा, मग विचारा." शेवटचा काढला हे कळेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्यानंतर आमच्या पत्रकांत 'अमुक पायरीवर परत जा' हे वाक्य कायमचं बंद झालं. करायचं ते पुन्हा पूर्ण लिहायचं. निखिल कुरकुरला, पानं वाढतात म्हणून. "वाढू दे," ताई म्हणाल्या. "घाबरलेला माणूस मागं जात नाय. समोर दिसेल तिकडं जातो."

गेल्या वर्षी ताई गेल्या. दुखणं त्यांनी अंगावर काढलं होतं. जगाची काळजी करणारी बाई स्वतःची मात्र विसरली, याचा मला अजून राग येतो. त्यांच्या फाइली आजही साध्या नोटपॅडमध्ये उघडतात. नवीन पत्रकं आता मी लिहितो. पहिलं लिहून झालं तेव्हा एक वाजला होता. डबा समोर होता, पण झाकणाला हात लावावासा वाटेना. मी वैशाखऱ्याला फोन लावला.

अनंताने सगळं वाचलं. एका ठिकाणी अडखळला, तिथे मी खूण केली. मागे पंप चाललेला ऐकू येत होता.

"झाला," तो मग म्हणाला. "जेवा आता तुमी."

डबा उघडायला मला जरा वेळ लागला.