जाईबाईंची वीतभर काळी

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून जाईबाई कुणाची जात विचारत नसत. जमिनीची मात्र विचारत.

जमिनीच्या त्यांच्या लेखी चारच जाती. काळी सगळ्यांत वर. खोल, चिकट, पावसाचं पाणी महिनोन्‌महिने पोटात धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात हातहातभर भेगा पाडून बसणारी. मग तिच्याहून जरा मोकळी ती मोरंड. मग उथळ, खड्यांची खरडी. आणि सगळ्यांच्या शेवटी बरडी. टेपाडावरची, वर जेमतेम बोट-दोन बोटं तांबूस माती आणि खाली नुसता मुरूम. तिच्यावर कितीही पाणी पडो, घटकाभरात खाली गुडूप.

माणसंही त्यांनी याच हिशेबानं लावली होती. धाकटी जाऊ काळी, कारण एकदा बोललेलं दहा वर्षं धरून ठेवायची आणि जरा ऊन लागलं की फाटायची. शाळेचे मास्तर मोरंड. नवरा शेषराव पक्का बरडी.

"सकाळी सांगतलं का दुपारपर्यंत खाली गेलं," जाईबाई म्हणत. "वरून पाहा तं कोरडं ते कोरडं."

शेषराव हे ऐकत आणि बैल सोडायला जात. तेही खाली जात असावं.

हिवरखेडच्या उत्तरेला सातपुड्याकडे जमीन चढत जाते, तिथं एका टेपाडावर त्यांचं नऊ एकर वावर होतं आणि वावरातच घर. खालची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या नावावर. वर जे कुणालाच नको होतं ते शेषरावांच्या वडिलांच्या वाट्याला आलं. तसं पाहिलं तर त्या जमिनीत वाईट काही नव्हतं. पाऊस थांबला की तासाभरात निंदायला जाता यायचं. खालचे काळीवाले वाफसा होण्याची वाट पाहत चार चार दिवस ओट्यावर बसून राहायचे, तेव्हा शेषराव पिकात डवरा फिरवून मोकळे झालेले असत. तूर बरी यायची, मूगही बरा. पण पंधरा दिवस पावसानं दडी मारली की खालची ज्वारी ढिम्म उभी आणि वरची पानांची सुरळी होऊन बसलेली.

जाईबाईंचं माहेर तिवशाकडचं, काळीतलं. त्यांच्या लग्नात त्यांची मावशी सगळ्या मांडवादेखत म्हणाली होती, "सोन्यासारखी पोर मुरमात टाकली." त्याला बावीस वर्षं झाली. मावशी वारली, पण वाक्य जाईबाईंनी जपून ठेवलं होतं. जाऊबाईंना काळी म्हणणाऱ्या जाईबाई स्वतः कुठल्या जमिनीच्या होत्या, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या ललितासाठी पूर्णाकाठचं स्थळ आलं. मुलगा अमरावतीला शिकून मास्तर झालेला. वडील नव्हते, सगळा कारभार चुलत्यांचा, डोमाजींचा. त्यांची वीस एकर जमीन, सगळी काळी. डोमाजींबद्दल एक गोष्ट सात कोसांवरून आधीच येऊन पोचली होती. ते मुलगी पाहायला गेले की आधी वावरात जातात, ढेकूळ उचलतात, आणि माती मनाला आली तरच पुढं घराकडे वळतात. दोन ठिकाणांहून ते धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, परतले होते.

"मग मले पाहाले येऊन राहिले का वावराले?" ललितानं विचारलं. ती सातवी पास होती आणि तिला असले प्रश्न पडत.

"तुले दाखवाले मले काही लाज नाई," जाईबाई म्हणाल्या. "वावराचीच आहे."

खालच्या काळीत किसनरावांच्या विहिरीचं काम चाललं होतं. विहिरीतून निघालेली काळी माती धुऱ्यावर ढिगानं पडून होती. किसनरावांना ती उचलून कुणी नेली तर हवंच होतं. शेषरावांनी बावीस गाड्या वर आणल्या. गाडीवाटेच्या कडेला, जिथं डोमाजींचा छकडा थांबेल नेमकं तिथं, वीस पावलं लांब आणि पाच पावलं रुंद पट्ट्यात जाईबाईंनी ती स्वतः पसरली. जाडी वीतभर. कडा तांबड्या मातीत बेमालूम मिसळल्या. भाकरीची कड थापताना त्यांनी कधी इतकी मेहनत घेतली नव्हती.

"ते सारं ठीक," शेषराव म्हणाले, "पण काळीले भेगा असतात."

नवऱ्याच्या अंगात एवढा ओलावा टिकून राहिलेला पाहून जाईबाई चकित झाल्या. त्यांनी पाच दिवस संध्याकाळी घागरीनं पाणी आणून पट्ट्यावर शिंपलं आणि मग उन्हाच्या हवाली केलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहिली भेग पडली. ललितानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा झाला नव्हता इतका आनंद जाईबाईंना त्या भेगेचा झाला. त्यांनी शेषरावांना हात धरून नेऊन ती दाखवली.

"आणि पुढच्या साली पीक पाहाले आले म्हंजे?" शेषरावांनी विचारलं.

"पुढच्या साली पोरगी तिकडं राहीन. मग पीक पाहाले कोणाले टाइम आहे?"

ठरल्या रविवारी सकाळी नऊ वाजता वाटेवर घंटी वाजली. पण ते डोमाजी नव्हते. सायकलवर एक उन्हानं रापलेला तरुण होता आणि मागं कुदळ, फावडं आणि जमिनीत फिरवायचं गिरमिट घेतलेले दोन मजूर. तरुणाचं नाव भगवंत. अकोल्याच्या जुन्या शहरातला. शेतकीचं शिकून मातीच्या पाहणीवर लागून त्याला सहा महिने झाले होते. आठ दिवस तो ही टेपाडं तुडवत होता आणि आठही दिवस वहीत एकच लिहीत होता: उताराची, उथळ, तांबूस, मुरमाड, पाण्याचा निचरा उत्तम. तेच तेच लिहून त्याचा हात दुखायला आला होता. आणि आता टेपाडाच्या माथ्यावर त्याला भेगाळलेली काळीशार जमीन दिसली. त्यानं सायकल उभी केली नाही, सोडूनच दिली.

"बाई, हे वावर तुमचं?"

"आमचंच."

"इथं एक खड्डा घेऊ द्या. तीन फूट. सरकारी काम आहे."

जाईबाईंनी वाटेकडे पाहिलं. दूर धूळ उडत होती. "तिकडं घ्या ना, साहेब. तिकडं सावली आहे."

"सावलीचं काय करू? माती इथं आहे." भगवंतानं खूण केली. मजुरांनी एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा एकमेकांकडे, आणि मुकाट्यानं कुदळ उचलली. आठ दिवस मुरूम फोडलेल्या माणसांना मऊ माती मिळाली की ते उगाच तोंड उघडत नाहीत.

वीतभर कुदळ लोण्यात गेल्यासारखी गेली. मग खणकन आवाज आला. त्याच वेळी छकडा येऊन थांबला.

डोमाजी उतरले. उंच, वाळके, हातात वेळूची काठी. मागून त्यांची बायको मैनाबाई उतरल्या. रामरामाऐवजी जय भीम झाला, पाणी विचारून झालं, पण डोमाजींचं लक्ष खाली होतं. त्यांनी वाकून ढेकूळ उचललं, थुंकीनं ओलं केलं आणि अंगठा-बोटामध्ये दाबत त्याची पट्टी काढायला लागले. पट्टी दोन बोटं लांब झाली तरी तुटली नाही. मान वर करून पाहतात तर खड्ड्यात उभा भगवंत अगदी तसंच करत होता. त्याचीही पट्टी दोन बोटं.

"काय म्हणता, साहेब?"

"चिकण आहे."

"अस्सल," डोमाजी म्हणाले.

जाईबाईंनी श्वास सोडला. पण डोमाजींनी काठी भेगेत घातली. एरवी काळीच्या भेगेत काठी अर्धी जाते, कधी हातातून सुटते. ही वीतभर गेली आणि टक्‌ वाजली. डोमाजींनी दुसरी भेग पाहिली. टक्‌. तिसरी. टक्‌.

"बाई," ते म्हणाले, "भेग एवढीशीच काहून?"

"अजून ऊन कुठं तापलं, बुवा?" जाईबाई म्हणाल्या. मे महिना होता. शेषराव रुमालानं घाम पुसत होते ते तसेच थांबले.

"मी सांगतो!" भगवंत खड्ड्यातून ओरडला. त्याचे डोळे चमकत होते. "हे पाहा, मामा. वर काळी, खाली एकदम मुरूम, आणि मधात सुरीनं कापल्यासारखी रेघ. कुठंच मिसळलेलं नाही. आता पाहा." त्यानं बाटलीतून आम्लाचा थेंब वरच्या मातीवर टाकला. माती फसफसली. खालच्यावर टाकला. काहीच नाही. "वरचीत चुना आहे, खालचीत नाही. म्हणजे ही माती इथल्या दगडाची झालेलीच नाही. ही दुसरीकडून आली आहे!"

मजूर आभाळाकडे पाहायला लागले.

"दुसरीकडून?" डोमाजींनी विचारलं.

"पुरानं. इथं कधी मोठा पूर आला होता का, बाई?"

पूर्णा तिथून सात कोस लांब आणि शेकडो फूट खाली.

"आलता ना," जाईबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्याच्या टाइमाले."

"कोणत्या साली?"

जाईबाईंनी एक साल सांगितलं. भगवंतानं ते लिहिलं. किती दिवस पाणी होतं, त्यानं विचारलं. तीन, त्या म्हणाल्या. तेही लिहिलं. आणि लिहिता लिहिता तो आनंदानं बोलत राहिला, की अशी माती आतापर्यंत कुठं नोंदलेलीच नाही, की ही नवी जात ठरणार आणि तिला या गावाचं नाव मिळणार, की नकाशात हे सगळं टेपाड तो काळं रंगवणार आणि पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांना जीपनं दाखवायला आणणार.

जाईबाईंना फसवायचं होतं ते एका डोमाजींना, तेही एका दिवसापुरतं. आता त्यांचं खोटं शाईनं सरकारच्या वहीत चढत होतं. आणि ज्या पोराच्या मानेची कातडी उन्हानं सोलून निघाली होती, त्या पोराला आठवड्यानं त्याचे साहेब याच खड्ड्यात उभं करून हसणार होते. एकदा त्यांनी घराकडे पाहिलं. ललिता नवं लुगडं नेसून दारात उभी होती. मुलगा मास्तर होता, निर्व्यसनी होता, असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं.

"थांबा, साहेब," त्या म्हणाल्या. "खोडा ते."

"काय खोडू?"

"पूर. पूर-बिर काही नाई. बावीस गाड्या आहेत. किसनरावाच्या हिरीतून यायनं आणल्या अन्‌ म्या पसरल्या. पाणी शिंपून भेगा पाडल्या. ही बरडी आहे, नऊच्या नऊ एकर." मग त्या डोमाजींकडे वळल्या. "पोरीचा यात हात नाई, बुवा. वावर बरडी आहे. पोरगी नाई."

भगवंत खड्ड्यात हळूच खाली बसला. डोमाजींचा चेहरा घट्ट झाला आणि त्यांनी काठी छकड्याच्या दिशेनं टेकली. तेवढ्यात मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. सगळ्यांना वाटलं त्या रडताहेत.

"भेगा पाडल्या!" त्या कशाबशा म्हणाल्या. "पाणी शिंपून भेगा पाडल्या! आवो, सांगा ना आता यायले, आपण पंधरा दिवस काय करून राहिलो ते!"

"तू गप बैस."

"काहून गप? हे लोक घर पाहाले येतीन म्हून आमी भेगा लिंपून राहिलो, बाई! सारं घर भेगाळलं आमचं. पावसात जमीन फुगते, उन्हाळ्यात आटते, भित कुठवर दम धरन? आषाढात दार लागत नाई अन्‌ लागलं तं उघडत नाई. आंगणात मांडीभर गारा, नुसता चिखल. मागच्या पावसात मास्तरचा बूट आंगणात रुतला तो दिवाळीले निघाला. हे काळीचं मोठेपण सांगतात गावभर, अन्‌ घरात पाय धुऊन धुऊन माह्या टाचा गेल्या!"

डोमाजींनी काठी उचलली. ते छकड्याकडे गेले नाहीत. ते घराकडे गेले. भिंतीला हात लावत पूर्ण वळसा घातला, कोपऱ्यांत वाकून पाहिलं, दार दोनदा उघडून लावून पाहिलं. बाजूला उभ्या असलेल्या ललिताकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"घराले किती वर्सं झाले?"

"तीस."

"पाया किती खोल?"

"पाया कशाले?" शेषराव म्हणाले. "खाली मुरूम आहे ना."

डोमाजींनी त्या कोरड्या, टणक अंगणात टाच आपटून पाहिली. बाजूला रांजणातून सांडलेलं पाणी त्यांच्यादेखत जमिनीत गेलं.

"इहीनबाई," ते म्हणाले, आणि विहीण म्हटलेलं ऐकून जाईबाईंनी चौकट धरली. "आमाले देणंघेणं काही नको. आंगणात टाकाले वीस गाड्या मुरूम पाठवा."

बावीस वर्षांत त्या जमिनीचं कुणी काही मागितलं नव्हतं. जाईबाईंचे डोळे भरून आले, पण तोंड तयार होतं. "वीस? दहा देईन. असा मुरूम मिळते कुठं तुमच्याकडं? पाणी ठरत नाई याच्यावर."

"पंधरा."

"बारा. चाळून."

बारा ठरल्या. भगवंत तोवर खड्ड्याबाहेर आला होता. त्यानं पान खोडलं आणि जाईबाईंना विचारून विचारून नवीन लिहिलं. त्याच्या आठ दिवसांच्या नोंदींपेक्षा ते लांब झालं, कारण पंधरा दिवसांच्या उघडिपीत ज्वारी कोणत्या दिवशी सुरळी होते हे त्याच्या गिरमिटाला कळलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे तो खड्डा बुजवायला निघाला तेव्हा जाईबाईंनी मजुराच्या हातातलं फावडं धरलं. "राहू द्या. इथूनच काढू मुरूम."

डोमाजी छकड्यात बसले. बैल वळले.

"आवो," मैनाबाई म्हणाल्या, "पोरगी पाहाची राहिली."

ललिता स्वतःच चालत छकड्यापाशी आली. "बुवा, मुरूम लग्नाच्या आधी टाकसान का मागून?"

"काहून, बाई?"

"आधी टाका. मी मांडीभर गाऱ्यात येणार नाई."

डोमाजींनी मैनाबाईंकडे पाहिलं. मैनाबाईंनी जोरजोरात मान डोलावली.

पहिली गाडी मंगळवारी निघाली. त्या आधीचे दोन दिवस जाईबाई खड्ड्याच्या काठावर बसून मुरूम चाळत होत्या, गहू निवडावा तसा. टोकदार खडा निघाला की लांब फेकत आणि म्हणत, "पोरीच्या पायाले लागन."