एका घरचं गाठोडं

शेवटच्या भेटीत नलिनीअक्कानं मला एकच गोष्ट विचारली, आणि मी खोटं बोललो. हॉस्पिटलच्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि तरीही मला बघून आधी नेहमीसारखी डाफरली, "अय्यो, माधू, शर्टाची गुंडी तरी लाव की रे." मग जरा दम घेऊन म्हणाली, "उत्तर आलं का?" मी म्हणालो, "नाही अजून. येईल की." तिसरं उत्तर आदल्याच दिवशी आलं होतं आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. माझा हात त्या पिशवीवर घट्ट होता. तिनं हाताकडं पाहिलं, मग खिडकीकडं… आणि "आय्तु" म्हणाली. 'बरं, झालं' असं म्हणायचं असलं की आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांच्या तोंडी हा कन्नड शब्दच येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत असताना, रात्री तिच्याजवळ थांबलेल्या तिच्या शेजारणीचा फोन आला, अक्का गेली म्हणून. दूध उतू जाऊन शेगडी विझली, एवढंच मला त्या सकाळचं आठवतं.

अक्का माझी चुलतबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आमच्या वडिलांपर्यंत कापड रंगवायचं आणि छापायचं काम घरात चाले. त्या धंद्याची एक रीत होती. लग्नघरचं कापड आलं की शालूपासून रुमालापर्यंत सगळं एका लाल दोऱ्यानं बांधायचं. प्रत्येकाचा रंग वेगळा, भांडं वेगळं, पण काम झालं की सगळं परत त्याच दोऱ्यात. एका घरचं गाठोडं फोडून द्यायचं नाही. पुढं धंदा बसला, मी सरकारी कचेरीत चिकटलो आणि अक्का कॉलेजात फिजिक्स शिकवू लागली. त्या लाल दोऱ्याचं एक रीळ मात्र तिच्या कपाटात कायम असायचं. परीक्षेचे पेपर असोत नाहीतर धुवायच्या चादरी, ती त्यानंच बांधायची, आणि मी तिची यथेच्छ टिंगल करायचो.

निवृत्त झाल्यावर ती शाळेच्या शिक्षकांना विज्ञान शिकवायचं प्रशिक्षण देऊ लागली. सरगूरच्या बाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या शिक्षकांची एक ठरलेली तक्रार असे: सरकारी घरकुलांच्या वसाहतीतली पोरं घरी पुस्तक उघडत नाहीत, मठ्ठ आहेत. चिडली की अक्काचा आवाज चढायच्या ऐवजी खाली यायचा. "मठ्ठ कोण ते मागनं बघू. आधी त्यांच्या घरात जाऊन बसा. थर्मामीटर घेऊन जा." उष्णतेचा धडा शिक्षकानं फळ्यावर न शिकवता मुलांच्या घरी बसून शिकवायचा, ही तिची पद्धत झाली. शाळा सुटल्यावर सिमेंटच्या पत्र्याखाली पारा कुठं जातो, पत्र्याला वरून चुना फासला तर किती उतरतो, खालून बांबूची चटई ताणली तर किती, हे शिक्षक आणि मुलं मिळून कागदावर मांडत. मीही एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. सावित्रम्मा नावाच्या तिथल्या शिक्षिकेनं एका घरात आम्हाला चटईवर बसवलं. दहा मिनिटं व्हायच्या आतच माझं डोकं ठणकायला लागलं आणि मी बाहेर सटकलो. अक्का तासभरानं आली, पदरानं मान पुसत. "तू पळालास. त्या पोरांनी कुठं पळायचं, सांग?"

दोन उन्हाळे ती हे करत होती. शेवटी तिच्या हाती जे लागलं ते कुणालाही कळेल इतकं सरळ होतं. पोरं मठ्ठ नव्हती, घरं तापत होती. छताखाली चटईचा एक थर घालायला ज्या घरांना शिक्षकांची मदत मिळाली, त्या घरांतली मुलं संध्याकाळी वाचायला बसू लागली. आणि ज्या शिक्षकानं ते घर अंगावर घेतलं होतं, तो वर्गात मुलांशी वेगळा वागू लागला. तिनं सगळं हातानं लिहिलं, मुलांचे घामाचे डाग पडलेले कागद जागच्या जागी चिकटवले, लाल दोऱ्यानं गठ्ठा बांधला आणि माझ्या घरी आली. "कचेरीची भाषा तुला येते, माधू. पुढच्या उन्हाळ्याआधी त्या छतांखाली काहीतरी पडायला पाहिजे, बाकी मला काही नको."

आणि इथं मी माती खाल्ली. सारी नोकरी मी एकाच नियमावर काढली होती: एका फाइलीत एकच विषय. मी दोरा न सोडताच पानांच्या कडा चाळल्या आणि तज्ज्ञासारखी मान हलवली. "अक्का, हे असं कुणी हातात घेणार नाही. मोजमाप विज्ञानवाल्यांना, घरं गृहनिर्माणवाल्यांना, प्रशिक्षण शिक्षण खात्याला. तीन अहवाल कर." ती म्हणाली, "अरे, हे एका घरचं गाठोडं आहे." मी हसून म्हणालो, "कचेरीत गाठोडं चालत नाही, फाइल चालते." तिनं गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. "आय्तु. तुला कळतं ते." गाठ सोडवत बसायचा मला कंटाळा आला, म्हणून मी कात्रीनं दोरा कापला. तिच्या देखत. मग तिची पानं तीन ढिगांत वाटली, तिन्ही अहवाल टाइप करून घेतले, तिच्या सह्या घेतल्या आणि मोठ्या ऐटीत पाठवून दिले.

तिन्ही उत्तरं माझ्याच पत्त्यावर आली. विज्ञानवाल्यांनी लिहिलं, मोजमाप नीट आहे, पण त्याचा उद्देश कळत नाही. गृहनिर्माणवाल्यांनी लिहिलं, मागणीसोबत तापमानाचा पुरावा जोडलेला नाही. शिक्षण खात्याचं तिसरं, ते पिशवीतलं: प्रशिक्षणाचा आणि मुलांच्या अभ्यासाचा संबंध कशावरून? प्रत्येक जण जे मागत होता ते मी शेजारच्या खात्याला पाठवलं होतं. पहिली दोन पत्रं मी अक्काला दाखवलीच नाहीत. म्हटलं, तिसरं तरी बरं येऊ दे…

तेरावा झाल्यावर मी सगळं पुन्हा एकत्र टाइप करून शिक्षण खात्यात गेलो. टेबलामागचा माणूस सभ्य होता. त्यानं पानं उलटली, शेवटचं पान पाहिलं. "सही?" म्हटलं, त्या वारल्या. "मग कुणीतरी नव्यानं अभ्यास करून पाठवायला हवा, सर." उत्तर अगदी बरोबर होतं. त्याच्या जागी असतो तर मीही हेच दिलं असतं, आणि त्यामुळंच वाद न घालता मी पानं उचलली. गेल्या आठवड्यात सावित्रम्मांचा फोन आला. "सर, मॅडमच्या अहवालाचं काय झालं? ऊन आत्ताच सोसेना." मी म्हणालो, बघतो. काय बघणार आहे मी? माझी सही कुणाला हवी आहे? मी त्या घरात दहा मिनिटंसुद्धा बसलो नव्हतो.

रोज दुपारी मी तिची हातानं लिहिलेली पानं टेबलावर घेऊन बसतो. डागांवर डाग जुळवून आता ती बहुतेक तिच्या क्रमानं लागली आहेत. कापलेला लाल दोरा तिच्या पानांच्या पाकिटात सापडला. बायको म्हणते, नवा आणा, बाजारात हवा तेवढा मिळतो. नवा मला नको आहे. जुना दोरा गठ्ठ्याभोवती फिरतो, टोकाला टोक लागतं, पण गाठीपुरता उरत नाही. मी दोन्ही टोकं बोटाखाली दाबून धरतो. हात काढला की पानं पुन्हा सुटतात.