काबरं कुत्रं

माझी मुलगी पुण्याहून ते पिल्लू घेऊन आली तेव्हा मी दार अर्धंच उघडलं. कुत्र्यांची मला लहानपणापासून भीती. त्यात हे असलं! अंग बरंचसं पांढरं, त्यावर राखेसारखे करडे डाग आणि त्या डागांत काळे शिंतोडे, कुणी शाईचं पेन झटकावं तसे. केस कुरळे. एक डोळा तपकिरी, दुसरा फिकट निळा. तो निळा डोळा माझ्याकडे बघतोय की मागच्या भिंतीकडे, तेच कळेना.

"लॅब्राडूडल आहे आई," ती म्हणाली. "लॅब्राडोर आणि पूडल, दोघांचा संकर. सध्या सगळ्यांना हेच हवं असतं. त्यात हा रंग तर पटकन मिळत नाही."

माझे सासरे, आमचे नाना, ओट्यावरून उठून आले. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं.

"हाई कुत्रं शे का मेंढरू शे?"

पुढे मुलीला नोकरीमुळे बंगळूरला जावं लागलं आणि कुत्रा भडगावला आमच्याकडे राहिला. घरात मी आणि नाना दोघंच. माझे यजमान नरडाण्याच्या कारखान्यात, रविवारपुरते घरी येणारे. सुरुवातीला मी त्याचं ताट लांबूनच सरकवायची. नाना तर त्याला हातही लावायचे नाहीत.

त्याला ऐकू येत नाही हे दिवाळीत लक्षात आलं. गल्लीत लडी फुटत होत्या, शेजारची कुत्री कॉटखाली घुसली होती आणि हा अंगणात पाय पसरून झोपलेला. जळगावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, स्टीलचं भांडं आपटलं. त्याने मान वळवली नाही.

"या रंगाला मर्ल म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "आई आणि बाप दोन्ही असेच काबरे असले की काही पिल्लं जास्त पांढरी निघतात. त्यातल्या कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही. लोक रंगावर भुलतात, म्हणून विकणारे तशाच जोड्या लावतात."

मुलगी फोनवर रडली. मला मात्र त्या दिवसापासून त्याच्यासाठी धास्ती वाटायला लागली. मागून मोटरसायकल आली तर? बैल उधळला तर? फाटकाची कडी मी जाता-येता चाचपून बघायची.

उन्हाळ्यात गावात बातमी पसरली की नदीच्या अंगाला एक कुत्रं पिसाळलंय. एका शेळीला चावलं होतं, वीटभट्टीवरच्या एका माणसालाही चावलं होतं. मोबाईलवर निरोप फिरत होता, 'पांढऱ्यावर काळे डाग, काबरं कुत्रं. दिसलं तर सावध राहा.' मी तो वाचला आणि कूलरसमोर झोपलेल्या आमच्या कुत्र्याकडे पाहिलं. उठून फाटकाची कडी पुन्हा बघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅसचा सिलिंडर आला. मी रिकामी टाकी बाहेर काढेपर्यंत फाटक उघडं होतं, आणि तेवढ्यात कुत्रा गेला. हाक मारून उपयोग नव्हता. मी गल्लीच्या टोकापर्यंत धावले तर शेजारच्या अक्का समोरून घाईने येत होत्या.

"कथी चालनी? घरमा जाय! बठ्ठा जण काठ्या लिसन नदीकडे गयात. काबरं कुत्रं दिसनं म्हने."

सगळे काठ्या घेऊन गेलेत म्हटल्यावर मी घरातल्या चपलांवर तशीच पळत सुटले. मागून नाना काठी टेकत येत होते. "थांब, मी बी येस," असं ओरडत होते.

गिरणा नदीचं पात्र कोरडं पडलं होतं. काठावर दहा-बारा माणसं काठ्या, दगड घेऊन उभी होती आणि खाली वाळूत दोन कुत्री होती. एक गावठी, हाडाचा सापळा, पांढऱ्यावर काळे ठिपके, तोंडातून लाळ गळत असलेलं, मागचे पाय लटपटणारं. दुसरा आमचा. तो शेपूट हलवत त्याच्याजवळ निघाला होता. ते दात विचकून गुरगुरत होतं आणि याला काही ऐकू येत नव्हतं.

"दोन्ही काबरी शेत!" कुणीतरी ओरडलं. "पिसाळेल कोनतं?"

"दोन्हीस्ले मारा!"

मी "नका, नका" म्हणत उतरणीवरून घसरले. तेवढ्यात त्या कुत्र्याने झेप घेतली. वाळू उडाली. कुरळं अंग आणि ठिपक्यांचं अंग एकमेकांत मिसळलं. मला माझाच कुत्रा ओळखू येईना. मग तो सुटला आणि घाबरून थेट माणसांच्या दिशेने धावत आला. एकाने काठी उगारली.

नाना कधी खाली उतरले ते मी पाहिलं नव्हतं. ते मध्ये येऊन उभे राहिले. "हाऊ आमना शे! मारू नका!" म्हणत त्यांनी खांद्यावरचा पंचा त्याच्यावर टाकला आणि वाळूत गुडघे टेकून त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. काठीवाला थांबला. बाकीचे त्या दुसऱ्याच्या मागे गेले. मी तिकडे पाहिलं नाही, पण आवाज मला ऐकावे लागले.

खरी भीती घरी आल्यावर सुरू झाली. त्याला चावलंय की नाही? पांढऱ्या केसांत रक्त नव्हतं, पण करड्या डागांतला प्रत्येक काळा शिंतोडा मला सुकलेल्या रक्ताचा वाटे. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हातमोजे घातले आणि मशीनने त्याचे केस काढायला घेतले. केसांखालची कातडीही तशीच निघाली, गुलाबीवर करडे डाग. डॉक्टर एकेका डागावरून बोट फिरवत गेले. कानामागे, एका काळ्या चट्ट्यावर, त्यांचं बोट थांबलं. दातांची दोन भोकं होती.

"याला आधी लस दिलेली आहे, म्हणून धीर धरा," ते म्हणाले. "आता पुन्हा देऊ. पण महिना-दीड महिना वेगळा ठेवा. आणि तुम्ही दोघांनी आजच सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्या. तुमच्या आणि नानांच्या हाताला त्या पिसाळलेल्याची लाळ लागली असणार."

मागच्या पडवीत लोखंडी जाळीच्या आत त्याला ठेवलं. मी जाळीबाहेर बसून राहायची. तो आवाजाला दाद देत नाही ना, असं मनात यायचं, आणि मग आठवायचं की तो कधीच दाद देत नव्हता. त्याचा निळा डोळा कुठे बघतोय, याचा अर्थ लावत माझे दिवस जात.

एका दुपारी त्याने पाण्याला तोंड लावलं नाही. पुन्हा भांडं सरकवलं, तो मागे सरला. पिसाळलेलं जनावर पाण्याला घाबरतं, एवढंच मला ठाऊक. मी यजमानांना फोन करून एवढंच सांगितलं, की तो पाणी पीत नाही. ते अर्धी पाळी सोडून एस.टी.ने आले. आल्या आल्या त्यांनी भांड्याला हात लावला.

"अगं, भांड्यावर ऊन आलंय. हे चटका बसेल इतकं तापलंय."

त्यांनी माठातलं पाणी ओतलं. तो चपचप करत सगळं प्याला. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि मला रडू आवरेना.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत सरली. कुत्र्याला काही झालं नाही, आम्हालाही नाही. केस परत आले ते आधीपेक्षा फिके, करड्याच्या जागी चंदेरी. मुलगी आली तेव्हा त्याला बघून म्हणाली, "याचा रंग गेला गं आई."

"जाऊ दे," नाना म्हणाले. त्यांनी बाजारातून लाल कापडी पट्टा आणला होता, लांबून दिसावा असा रुंद. तो त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात बांधला.

आता संध्याकाळी मी त्याला दोरी बांधून गल्लीतून नेते. समोरून येणारी एखादी बाई अजूनही आपल्या लेकराला पदराआड ओढते. मला राग येत नाही. मी दोरी आखूड धरते, कडेला थांबते आणि ती पुढे गेली की आम्ही निघतो.