पाद्रीबुवांना ‘चांगले होते’ चालत नसे

माझ्या वडिलांचा अंत्यविधी एका पाद्र्याने केला. त्यात एकही प्रार्थना नव्हती.

ते पाद्री, रेव्हरंड वॉल्टर, काल गेले.

एटीजमधली गोष्ट. आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, शुगर लँडला आले होते. बाबा इथेच हार्ट अटॅकने गेले.

आमच्या इथल्या मराठी मंडळात हौसेने सत्यनारायण सांगणारे एक इंजिनिअर काका होते. त्यांनी हात जोडले.
“अरे, पूजा वेगळी. हे मला नाही जमायचं.”

मग वॉल्टरना फोन केला. त्यांच्या युनिटेरियन चर्चचा हॉल आम्ही गणपतीला वापरायचो. तिथे देव मानणारे आणि न मानणारे एकाच बाकावर बसत. एरवी हा माणूस धर्मांचा इतिहास लिहायचा.

ते घरी आले. “कसे होते तुझे वडील?”

“व्हेरी गुड मॅन,” मी म्हटलं.

“मी हिस्टोरियन आहे. ‘गुड’ हा काही पुरावा नाही. त्यांचं काय खटकायचं, आईला विचार.”

मला रागच आला. घरात काय झालंय आणि हे काय विचारतायत!

पण बाबा गेल्यापासून आई बोलली नव्हती. रडलीही नव्हती. आम्हाला तिचीच धास्ती होती. म्हणून विचारलं.

आई म्हणाली, “चहा बशीत ओतून फुर्रर्र करून प्यायचे. विहीणबाईंसमोरसुद्धा! किती सांगितलं, ऐकलं असेल तर शपथ.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. वॉल्टरनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

फ्युनरल होममध्ये ते उभे राहिले. म्हणाले, “हा माणूस चहा बशीतून प्यायचा. बायकोला ते मुळीच आवडत नसे. तरी असा प्यायचा.”

आणि त्यांनी चक्क तोंडाने फुर्रर्र केलं.

आई हसली.

मग रडली. पोटभर रडली.

त्यानंतर मी बटण दाबलं. इथे अग्नी असाच देतात.

आई पुढे आमच्याकडेच राहिली. दर गणपतीला ती ‘पाद्रीबुवांचे’ मोदक आधी बाजूला काढायची.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. “फ्युनरल सर्व्हिसमध्ये तुम्ही बोलाल?”

बोलणार.

वॉल्टर भयंकर बेसूर गायचे. फ्रीवेवर बैलगाडीसारखे ड्राइव्ह करायचे. नेलेलं पुस्तक परत देणं त्यांना ठाऊक नव्हतं. वादात समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत.

आणि माझ्या आईला त्यांनी रडू दिलं.

पाद्रीबुवा, ‘चांगले होते’ असं मी म्हणणार नाही. तुम्हाला चालायचं नाही.

शेवटचा नमस्कार.