बूट चाचांची पायपरेड

बूट चाचा माणसाचा चेहरा नंतर बघत. आधी पाय. मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या एका बांधकाम कंपनीत मी प्रशासनाचं काम बघायला लागले, त्या पहिल्याच सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले, सलाम केला आणि मान खाली घालून माझ्या सँडलकडे टक लावून उभे राहिले. मला वाटलं, लाजतायत. ते म्हणाले, "मॅडम, डाव्या टाचेवर भार टाकता. पर्स त्याच खांद्याला अडकवता ना?" पर्स डाव्याच खांद्याला होती. मी ती उजवीकडे घेतली. "आता बरं," म्हणाले आणि निघून गेले. त्यांचं नाव काय आणि काम काय, ते मला नंतर ड्रायव्हरने सांगितलं.

ते आमचे कॅम्प बॉस होते. चौसष्ट कामगारांचं राहणं, जेवण, पाणी, बस, आजारपण आणि भांडणं त्यांच्याकडे. गाव रायगड जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. साठी ओलांडलेली, दाढीला मेंदी, आणि पायात बारा महिने तेरा काळ काळे, लेसवाले, चकचकीत बूट. कामगारांत केरळचे होते, बिहारचे होते, बांगलादेशचे होते, पेशावरकडचे होते. त्यांचं एकमेकांशी फारशा गोष्टींवर पटत नसे, पण 'बूट चाचा' या नावावर सगळ्यांचं एकमत होतं. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत. ऑफिसात दुसरं कोणी नसलं की मॅडमची 'बाय' होई आणि तुम्हीचं 'तू'.

उन्हाळ्यात इथे साडेबाराला उन्हातलं काम कायद्यानेच थांबतं. बाकीच्या कंपन्यांची माणसं जेवून आडवी होतात. आमची माणसं आधी शेडमधल्या बाकांवर ओळीने बसत. चाचा शिट्टी वाजवत. "यल्ला, बूट!" चौसष्ट जोड सेफ्टी बूट निघत. "मोजे!" मोजे निघत. त्यानंतर शेडमध्ये जो वास पसरे त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. मग प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा पाय मांडीवर घ्यायचा, पंच्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, फोड, चीर, लाली काय दिसेल ते मोठ्याने सांगायचं आणि खोबरेल चोळायचं. चाचा हात पाठीमागे बांधून फिरत. ते "खलास" म्हणेपर्यंत कोणाच्या ताटात भात पडत नसे.

जोड्या ते मुद्दाम तिरक्या लावत. काल नळावरून भांडलेले दोघे आज एकमेकांचे पाय पुसताना दिसत. "दुपारी ज्याच्या अंगठ्याला तेल लावलं, त्याच्या अंगावर संध्याकाळी हात उचलवत नाही, मॅडम. घरी करून बघा." मी घरी करून बघितलं. नवऱ्याने पाय सोफ्यावर ओढून घेतले आणि भांडण वाढलं. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला आधी शिट्टी ऐकवायला पाहिजे."

ही सगळी शिस्त फ्रान्समधून आली होती. पहिल्या महायुद्धात चाचांचे आजोबा खेचरं हाकायला म्हणून फौजेत गेले आणि बोटीने थेट फ्रान्सला पोचले. दारूगोळ्याची खेचरं घेऊन त्यांना एका गोऱ्या तुकडीपाशी पाठवलं. तिथे खंदकात गुडघाभर चिखल. ओल्या बुटांत दिवसेंदिवस राहून सोल्जरांचे पाय काळे पडत, कुजत, कापावे लागत. म्हणून साहेबांचा हुकूम होता: रोज बूट काढायचे, पाय कोरडे करायचे, देवमाशाचं तेल चोळायचं. आणि स्वतःचे पाय स्वतः तपासायचे नाहीत, जोडीदाराने तपासायचे. "कारण आपला पाय आपल्याला नेहमी बराच वाटतो," चाचा बोट वर करून सांगत. "डोळे दुसऱ्याचे पाहिजेत."

त्या तुकडीतली मोजणी एके दिवशी विषम आली. बर्ट नावाचा एक सोल्जर जोडीदाराविना उरला. सार्जंटने इकडेतिकडे बघितलं, खेचरांपाशी आजोबा दिसले, त्यांना दंडाला धरून आणलं आणि बर्टच्या समोर बसवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बर्टला गुदगुल्या फार. आजोबांनी टाचेला हात लावला की तो खंदकात आडवा पडून हसायचा आणि समोरून जर्मन गोळ्या सुरू व्हायच्या. तेलाच्या वासाने बाकी सोल्जरांना ओकारी यायची. आजोबांना मात्र तो वास आला की रडू फुटायचं, कारण त्यांच्या गावी होड्यांना माशाचंच तेल लावत.

"गावात परत येऊन आज्याने सांगितलं, गोरा सोल्जर रोज माझे पाय पुसायचा. लोक म्हणाले, याला अफूची सवय लागली. माझ्या आजीचा बाप लग्न मोडायला निघाला होता." एवढं सांगून चाचा खदखदून हसत. मग आवाज उतरे. आजोबांची खेचरं पुढे बोटीत चढवून बसऱ्याला नेली आणि बर्ट तिथेच राहिला. "आजा म्हातारपणी ओट्यावर बसून एकच विचारायचा. बर्टचे पाय आता कोण बघत असेल? मी सात-आठ वर्षांचा. मी म्हणायचो, आजा, बर्ट आता मेला असेल. मग आजा जेवायचाच नाही."

कंपनीचे मालक, आमचे अर्बाब, मूळचे इब्रा गावचे. एकदा ते परेडच्या वेळीच साइटवर आले. मॅनेजरला घाम फुटला, कारण चौसष्ट माणसं अनवाणी बसलेली आणि जेवण थंड होत होतं. चाचांनी सलाम केला, नजर खाली गेली आणि मालकांच्या चपलेतल्या टाचेवर थांबली. "अर्बाब, ही भेग किती दिवसांची?" मॅनेजर डोळे वटारून खुणा करत होता. अर्बाबांनी क्षणभर विचार केला, पायघोळ दिशदाशा सावरत बाकावर बसले आणि पाय पुढे केला. चाचांनी त्यांची जोडी एका बंगाली वेल्डरशी लावली. वेल्डर आधी स्वतःचे हातच पंच्याला पुसत राहिला. अर्बाबांनी मात्र त्याचाही पाय मांडीवर घेतला, नीट बघितला आणि अरबीत काहीतरी बोलले. चाचांनी भाषांतर केलं: "म्हणतात, नखं काप."

माझ्या मुलीला शाळेत महायुद्धाचा प्रोजेक्ट होता. वर्गातल्या मुलांनी तोफा, विमानं, नकाशे केले. ही चाचांची मुलाखत घ्यायला बसली. तिचं मराठी अडखळत चालणारं आणि चाचांचं इंग्रजी शिट्टीपुरतं. "चाचा, वॉर कोण जिंकला?" "ज्याचे मोजे सुके होते तो." तिने पाच पानं पायांवर लिहिली. मार्क बरे मिळाले, पण बाईंनी शेवटी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

चौदा एप्रिलला आमच्याकडे जयंतीचं जेवण असतं. चाचा दर वर्षी येत, येताना सीबच्या बाजारातून खजूर आणत आणि आत न येता दाराबाहेर खुर्ची मागून तिथेच जेवत. "मी इथंच बरा, बाय. वारा आहे." एप्रिलमध्ये मस्कतला कसला वारा? पण मला वाटे, म्हाताऱ्या माणसाला बूट काढ-घाल करण्याचा कंटाळा. मशिदीतही ते चामडी मोज्यांत जात, असं ड्रायव्हर सांगे. मी यातलं काहीही एकमेकांशी जोडलं नाही. हे माझं चुकलं.

जोडलं ते यादीने. परेडच्या जोड्या चाचांच्या डोक्यात असत. गेल्या वर्षी व्हिसाची कामं निघाली तेव्हा मी म्हटलं, नावं हाताशी आहेतच, तर जोड्याही टाइप करून भिंतीवर लावते. चाचांनी बसून नावं सांगितली. बत्तीस जोड्या झाल्या. माझी सवय अशी की यादी झाली की मी माणसं मोजते. कॅम्पच्या हजेरीत पासष्ट नावं होती.

"चाचा, एक राहिला."

"कोण?"

"तुम्ही. तुमचा जोडीदार कोण?"

ते हसले. "मी बॉस. मला कोण तपासणार?"

"सार्जंटचे पाय कोणी तपासत नव्हतं का?"

ते उठले, गॅस सिलिंडर आलेत का बघतो म्हणाले आणि गेले. जाताना मी पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे बघितलं. उजवा पाय ते अख्खा उचलून अख्खा ठेवत होते, लाकडी ठोकळा ठेवावा तसा. त्यांची मधुमेहाची गोळी माझ्याच टेबलावरच्या पाण्याबरोबर ते रोज घेत. साखरेने पाय बधिर झालेल्या मावशीला मी असंच चालताना बघितलं होतं, आणि तिचा पाय नंतर गुडघ्याखाली कापला होता.

मी सरळ विचारलं असतं तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी यादी घेऊन शेडमध्ये गेले. बत्तीस जोड्या वाचल्या. मग वाचलं, "तेहतीस: चाचा आणि मॅडम." आणि बाकावर बसून सँडल काढले.

चाचांच्या तोंडातली शिट्टी पडली. "तौबा! बाय, तू बाईमाणूस, माझ्या पायाला हात लावणार? शोभतं का हे?"

"यादीत नाव आहे," मी म्हटलं. "माझा पाय बघा आधी."

इथे त्यांचा स्वभाव माझ्या मदतीला आला. समोर उघडा पाय आणि चाचांनी बघितला नाही, असं होणं शक्य नव्हतं. ते वाकले. "करंगळीला कुरूप आहे. टाच फुटलीय. तेल लावत नाहीस."

"आता तुमचा."

"मला काही होत नाही. दुखतसुद्धा नाही."

"म्हणूनच."

मागून पेशावरचा फोरमन, जो त्यांच्याशी दर आठवड्याला पाण्याच्या टँकरवरून भांडे, तो त्यांच्याच आवाजात ओरडला, "यल्ला, बूट!" कोणीतरी हसलं. मग सगळेच ओरडायला लागले, "चाचा, बूट! चाचा, बूट!" जेवणही अडलेलं होतंच. चाचा बाकावर बसले. लेस सोडायला त्यांना फार वेळ लागला. बूट निघाला तसा त्यातून एक लोखंडी नट खाली पडला आणि फरशीवर गोल फिरत राहिला.

चाचा त्या नटाकडे बघत होते. "हा कधीपासून आत?" त्यांनी मला विचारलं. खरंच मला विचारलं. सकाळपासून ते नटावर चालत होते, की दोन दिवसांपासून, त्यांना माहीत नव्हतं. मोजा काढला. तळव्याला जुनी जखम होती, दोन बोटं काळी. मी मोठ्याने सांगायचं होतं, तसा नियम होता. माझ्याने सांगवलं नाही. फोरमनने वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "चाचा, गाडी काढतो."

गाडीत ते फक्त एवढंच बोलले. "जखम मला दिसली होती, बाय. पण अनफिट म्हणून घरी पाठवतील. मग परेड कोण घेईल? आणि सगळ्या कॅम्पला सांगू काय, बूट चाचाचा पाय कुजला?"

दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंत जावं लागलं असतं. चाचांनी शुद्धीवर येताच त्यांना विचारलं की ऑपरेशनच्या वेळी उभं राहताना तुम्ही कसले बूट घालता. वॉर्डातल्या नर्सांच्या जोड्या त्यांनी तिसऱ्या दिवशी लावल्या.

अनफिटचा शिक्का मात्र बसलाच. ते गावी निघाले त्या दिवशी कॅम्पच्या दारात चौसष्ट माणसं उभी होती. फोरमनने शिट्टी मागितली. चाचांनी ती दिली नाही. "ही माझी. तू दुसरी घे. तुझा आवाजच पुरे आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, यादी तुझी. जोडी मोडू नकोस."

मी मोडलेली नाही. दर गुरुवारी साडेबाराला माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल येतो. चेहरा दिसत नाही. पडद्यावर फक्त एक तळवा असतो, तीन बोटांचा, तेलाने चमकणारा, आणि मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत असतात. मी तो नीट बघते आणि माझ्या वहीत 'कोरडा, स्वच्छ' असं लिहिते. मग फोनमधून आवाज येतो, "आता तुझा." मग मला सँडल काढून पाय टेबलावर घ्यावा लागतो.

मागच्या गुरुवारी नवे मॅनेजर न विचारता केबिनमध्ये आले. मी खुर्चीत, पाय फोनसमोर, आणि फोनमधून कोणीतरी टाचेवरून मला झापतंय. ते दारातच थांबले.

"मॅडम, सगळं ठीक?"

मी त्यांना म्हटलं, "दोन मिनिटं बाहेर थांबा, सर. डावा राहिलाय."