तांबडीचा धाक

निवृत्त झाल्यावर माणसाला हुकूम सोडायला कोणीतरी लागतं. तीस वर्षं मी एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. माझ्या चपलांचा आवाज आला की पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. घरी बसले तर हुकूम ऐकायला एकटा नवरा, आणि आपल्याला कमी ऐकू येतं अशी सोयीची समजूत त्यांनी सगळ्यांची करून दिलेली. म्हणून नालवाडीच्या घरामागे मी कोंबड्या पाळल्या. लोकांना सांगितलं, गावरान अंड्यांसाठी.

बाजारात एक गोंड बाई टोपलीत कोंबड्या घेऊन बसायची. तिच्याकडून चार घेतल्या. दोन काळ्या, एक उघड्या मानेची आणि एक तांबडी. तांबडी तिनं फार कौतुकानं माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा बाई, लय हुशार हाय."

हुशार ती होतीच. दाणे टाकले की आधी तांबडी खाणार, मग उघड्या मानेची, मग उरलंसुरलं काळ्यांना. मध्ये कोणी चोच घातली की तिच्या डोक्यात टोला. मला तर ती फारच आवडली. शेजारी एक निवृत्त साहेब राहतात, त्यांना भिंतीवरून मुद्दाम दाखवलं, "पाहा, एक खमकी बाई असली की सगळं कसं शिस्तीत चालतं."

मग मी पांढरी आणली. सिंदी मेघेतल्या एका ओळखीच्या बाई घर बदलत होत्या, त्यांनी दिली. स्वभावानं गरीब, माणसाच्या हातातून दाणे खाणारी. भरदुपारी आणली आणि थेट बाकीच्यांत सोडली.

तांबडीनं मान उंच केली, पिसं फुगवली आणि धावली. तिचं एक वेळ समजू शकतं. पण तिच्या मागोमाग त्या दोन्ही काळ्याही धावल्या, ज्या रोज स्वतः टोले खात होत्या. त्यांचा उत्साह तर तांबडीपेक्षा जास्त. आपल्या खाली कोणीतरी आलं याचा इतका आनंद मी फक्त माणसांत पाहिला होता.

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "पाहून घेतील आपसात. तू काऊन मधात पडून राह्यली?" आमच्या दोन मुलांच्या भांडणांतही त्यांनी हेच धोरण ठेवलं होतं. ते दोघे आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

शेजारचे साहेब म्हणाले, "नवीन आहे, थोडं सहन करायला पाहिजे. आम्हीही केलं." त्यांनी काय सहन केलं ते मला माहीत नाही. त्यांच्या हाताखालच्यांनी काय सहन केलं ते अख्ख्या नालवाडीला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी पांढरी धुण्याच्या दगडामागे तोंड खुपसून बसलेली दिसली. शेपटीजवळची पिसं उपटलेली, रक्त आलेलं. रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिला उचलून घरात आणलं, हळद-तेल लावलं आणि न्हाणीघरात खोक्यात ठेवलं. आठवड्यानं जखम भरली तशी परत सोडली. तोवर बाकीच्या तिला विसरल्या होत्या. पुन्हा परकी, पुन्हा मार, या खेपेला जास्तच. असं दोनदा झालं. मी टाळ्या वाजवून पाहिल्या, पाणी मारून पाहिलं, वॉर्डातला आवाजही काढून पाहिला. साहेबांच्या घरातला टीव्ही तेवढा बंद झाला.

शेवटी बाजारात जाऊन त्या बाईसमोर उभी राहिले. म्हटलं, "तुमच्या तांबडीनं उच्छाद मांडलाय."

ती तोंडाला पदर लावून हसली. "माह्या घरीबी थेच करे. एकीचा डोया फोडता फोडता राह्यली. म्हणून त तुमाले देल्ली."

"आणि मला हुशार म्हणून सांगितलं?"

"मंग? हुशारच हाय ना. वेडी असती त म्या कवाच कापली असती." मग तिनं विचारलं, "तुमी काय केलं?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की पांढरीला आत ठेवलं, औषधपाणी केलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिल्या दिवसाच्या शिकाऊ नर्सकडे पाहत असे.

"मार खानारीले काऊन कोंडता, बाई? मारनारीले कोंडा ना."

ऑटोत बसल्यावर मला माझ्या वॉर्डातली एक मुलगी आठवली. आष्टीकडच्या खेड्यातून नवीन आलेली नर्स. तिघी जुन्या नर्सा तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, तिनं डबा उघडला की नाक दाबायच्या, आपल्या चुका तिच्यावर ढकलायच्या. ती रडत माझ्याकडे आली. मी तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि तिचीच दुसऱ्या वॉर्डात बदली केली. "तुझ्या भल्यासाठी," असंही म्हणाले. त्या तिघी तिथंच राहिल्या. माझ्या निरोपसमारंभात त्यांनी मला साडी दिली आणि मला आईसारखी म्हणून रडल्या. मीही रडले.

घरी येऊन तांबडीला पकडलं आणि बांबूच्या डालग्याखाली एकटीला ठेवलं, दाणापाणी देऊन, पण बाकीच्यांपासून लांब. पांढरीला मागच्या अंगणातच जाळीच्या पलीकडे ठेवलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल पण कोणाची चोच पोचणार नाही. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन केली. पाच दिवसांनी जाळी काढली. काळ्यांनी पांढरीला एक-दोन टोले दिले, पण पुढारीण नसल्यामुळे त्यांना फारसा दम नव्हता. उघड्या मानेची आपोआप पहिली झाली. मग तांबडीला सोडलं. ती थाटात दाण्यांकडे गेली आणि उघड्या मानेचीनं तिला असा टोला दिला की ती चक्क दगडामागे पळाली.

मी खुर्ची टाकून, चहा घेऊन ते पाहत बसले. नवरा म्हणाला, "मार खाऊन राह्यली बिचारी, अन् तू हसून राह्यली." एरवी न ऐकणाऱ्या माणसाला नेमकं हसू ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या त्या मुलीचा नंबर मिळवून फोन केला. माफी मागायची होती. पण आयुष्यात कधी मागितली नव्हती, त्यामुळे आधी ऊन किती आहे ते विचारलं, मग मुलं कितवीत आहेत, मग कोंबड्यांचं सगळं सांगत सुटले. शेवटी कसंबसं म्हणाले, "तेव्हा माझं चुकलं."

ती म्हणाली, "मॅडम, दुसरा वॉर्ड चांगला होता. पण त्या तिघींतली एक आता तुमच्या खुर्चीवर बसते. मागच्या महिन्यात एक नवीन पोरगी नोकरी सोडून गेली."

मी परत ऊन किती आहे ते विचारलं. तीच म्हणाली, "अंडी असली तर ठेवजा. रविवारी येतो."

ती आली. मी चहा केला. तिनं साखर कमी मागितली आणि कोंबड्यांकडे, जास्त करून दगडामागच्या तांबडीकडे, बघत बसली.