बाबांचा आवाज आणि मेन स्विच

घर सोडताना मेन स्विच पाडायचा, हा आमच्याकडे बाबांनी घालून दिलेला नियम. वाडीतली पंपाची मोटर एकदा घरात कुणी नसताना जळाली, तेव्हापासूनचा. आमच्या सांडोर गावात चार घरं पलीकडे जायचं असलं तरी आई चपला घालण्याआधी बोर्डापाशी जायची आणि खटका खाली ओढायची. फ्रिजमधलं दूध कितीदा नासलं, पण नियम मोडला नाही. बाबा गेल्यावर तर तो जास्तच कडक झाला. मी चिडायचो. माझं चिडणं घरात कुणी मनावर घेत नाही, तो भाग वेगळा.

त्याच आईने एका दुपारी मला कामावर फोन केला. ती कधी कामाच्या वेळेत फोन करत नाही, म्हणून मी हातातलं काम टाकून उचलला. "शेतीच्या कार्यक्रमात खाली पट्टी येत्येय," ती म्हणाली. "आपली सुकेळी परत दाखवणारेत."

आमच्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी बाबा स्वतः करायचे. केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची, पानात बांधून ठेवायची. ते टिपायला पूर्वी टीव्हीवाले आले होते आणि बाबा कॅमेऱ्यासमोर चांगले ऐसपैस बोलले होते. तो भाग लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. उतरवून ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बाबा समोरच तर बसले होते. समोर बसलेल्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतो? आता घरात त्यांचे फोटो ढिगाने होते आणि आवाज कुठेच नव्हता. त्यांनी टेपरेकॉर्डरवर म्हटलेल्या भजनांची एक कॅसेट होती. तिच्यात भजनापेक्षा कावळे, कुकरच्या शिट्ट्या आणि आईचा खोकलाच जास्त होता. तिलाही शेवटी बुरशी लागली.

"या वेळी उतरवून घेशील ना?" आईने विचारलं. मी हो म्हणालो आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

माझ्या जुन्या कंप्युटरमध्ये टीव्हीचं कार्ड होतं. सेट टॉप बॉक्सची वायर टीव्हीतून काढून त्यात खोचायची, वेळ लावून द्यायची, की ठरल्या वेळी तो आपोआप रेकॉर्डिंग सुरू करतो. निदान करायला हवं. मी आदल्या आठवड्यात बातम्यांवर चाचणी घेतली, तर मधेच त्याला स्वतःला अपडेट करून घ्यायची हुक्की आली आणि तो बंद होऊन पुन्हा चालू झाला. दुसऱ्या वेळी कुणी हात लावत नाही म्हणून तो झोपी गेला. मी त्याला शिव्या घातल्या, मग मुकाट्याने एकेक सेटिंग शोधत बसलो. अपडेट पुढे ढकलले. झोपणं बंद केलं. चालू-बंदचं बटण दाबलं तरी काहीच होणार नाही असं करून ठेवलं. लाईट गेलीच तर इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. पंखे आणि फ्रिज ओढायला लागली की लवकरच मान टाकायची.

उरला मेन स्विच, जो पाडला की इन्व्हर्टरची वीजही तुटायची, आणि त्यावर येणारा आईचा हात. नेमका शेतीचा कार्यक्रम होता त्याच दुपारी जूचंद्रला माझ्या मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही दोघं नवरा-बायको पुढे जाणार होतो, आई शेजारच्या वहिनींबरोबर रिक्षाने मागून येणार होती. मी मेन स्विचचा खटका केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, करकचून बांधून टाकला. मॉनिटर बंद केला. "आई, आज कशालाही हात लावायचा नाही," मी बजावलं. "बरं," ती म्हणाली. पिस्ता रंगाची साडी तिने इस्त्री करून पलंगावर काढून ठेवली होती.

साखरपुड्यात माझं लक्ष कशातच नव्हतं. भटजी बोलत होते, मी घड्याळाकडे बघत होतो. बायकोने दोनदा कोपराने ढोसलं. आईला फोन लावला तर तो बंद. टीव्हीवरचा कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली आणि शेजारच्या वहिनी एकट्याच आत आल्या.

"काकू म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून," त्या म्हणाल्या. "आणि आपल्याकडे लाईट गेल्येय हां."

मला तिथे उभं राहवेना. बायकोला सांगितलं आणि स्कूटर काढली. कार्यक्रम तासाभराचा होता. नायगावच्या पुलावर गाड्या अडकलेल्या. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: आई सोपट सोडत्येय, खटका खाली ओढत्येय, कडी लावून रिक्षा बघत्येय. बाबांच्याच नियमाने बाबांचा आवाज जाणार होता. मला आईचा राग आला, बाबांचा आला, मग स्वतःचाच आला. मी घरी थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

घराच्या खिडक्या बंद होत्या. आत ना पंख्याचा आवाज, ना फ्रिजचा. सगळं संपलं असं वाटून मी दार वाजवलं. आईने दार किलकिलं केलं आणि मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

आत उकाड्याने जीव नकोसा होत होता. तिने एकूण एक बटण बंद केलं होतं, फक्त सेट टॉप बॉक्सचं आणि कंप्युटरचं ठेवलं होतं. त्याचा हिरवा दिवा चालू होता. त्याच्यासमोर स्टूल, आणि तिच्या अंगावर घामाने भिजलेली घरातली साडी. तिने पदर तोंडावर धरला होता. खोकला दाबत होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मॉनिटर काळा, टीव्हीची वायर काढलेली. नवरा बोलत होता आणि तिला ना दिसत होतं, ना ऐकू येत होतं. मीही काही न बोलता शेजारी उभा राहिलो. ती उठायला तयार नव्हती, म्हणून वेळ पूर्ण होईपर्यंत आम्ही तसेच राहिलो.

"आता बोलू?" तिने विचारलं.

"आधीही बोलायला हरकत नव्हती. खोलीतला आवाज यात येत नाही."

"मला काय ठाऊक? कॅसेटीत यायचा." ती पदराने मान पुसायला लागली. "म्हणून फोनपण बंद केला."

"साखरपुड्याला का नाही आलीस?"

"चपला घातल्या होत्या. पण खटका न पाडता उंबऱ्याबाहेर पाय पडेना. आणि पाडला असता तर ते गेले असते. मग राहिले घरीच."

मी मॉनिटर लावला. रेकॉर्डिंग पूर्ण होतं. एवढ्यात लाईटही आली. मी वायरींशी उगाच खुडबुड केली. "लावू?"

"थांब जरा," म्हणून ती आत गेली. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, ती पिस्ता रंगाची साडी नेसून, केस नीट विंचरून. स्टुलावर बसली, निऱ्या सारख्या केल्या आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तो शर्ट खोच आधी," ती म्हणाली. "त्यांना असं आवडत नाही."